खुर्चीवरून उठतांना

गेल्या जून महिन्यांतील गोष्ट. आमच्या नातीस येथील एका महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, आणि प्रवेशाच्या इतर कागदपत्रांबरोबर तिनें दोन पानांचा एक छापील कागद आमच्यापुढें आणून ठेविला. 'आवारांतील संगणक व इंटरनेट यांच्या जबाबदार वापराविषयींचे नियम' असें त्याचें लांबलचक नांव होतें. एकंदर २२ कलमें, आणि तळाशीं दोन सह्यांस जागा. एक विद्यार्थिनीची, दुसरी पालकाची. मुलीचे आईबाप दोघेहि कामावर गेलेले, तेव्हां पालकाच्या सहीचा मान आमच्याकडे आला. आम्हीं चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्या कलमापासून वाचावयास प्रारंभ केला. नातीस हा प्रकार अगदींच नवा असावा. ती म्हणाली, "आजोबा, ते वाचायचं नसतं हो. खाली नुसती सही करायची असते."

न वाचतां सही करण्याची कला मनुष्यजातीस फार दिवसांपासून अवगत आहे. सावकाराच्या कागदावर आंगठा उठविणाऱ्या आमच्या पूर्वजांस वाचतां येत नव्हतें, एवढी तरी सबब होती. आम्हांस ती नाहीं. म्हणून आम्हीं हट्टानें बावीसहि कलमें वाचलीं. पहिल्या वाचनांत तीं सारीं 'नये'चीं कलमें वाटलीं. आपला पासवर्ड, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या भाषेंत परवलीचा शब्द, दुसऱ्यास सांगूं नये. दुसऱ्याच्या खात्यांत शिरूं नये. बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्यावांचून लावूं नये. चित्रपट उतरवून घेऊं नयेत. नियतकालिकांतील लेख घाऊक उतरवूं नयेत. छपाईचा कागद वायां घालवूं नये. आक्षेपार्ह मजकूर लिहूं नये. 'नये' हा शब्द इतक्या वेळां लागोपाठ वाचनांत आला म्हणजे तीं सारीं कृत्यें एकदां करून पाहावीं अशी इच्छा एखाद्या सज्जनाच्याहि मनांत उत्पन्न व्हावयाची. आम्ही नातीस तसें म्हणणारहि होतों. परंतु एकोणिसाव्या कलमापाशीं आमचें हंसू थांबलें. 'काम संपल्यावर अथवा मध्येंच उठतांना खातें बंद केल्यावांचून जागा सोडूं नये.' हें कलम वाचून आम्ही कां थांबलों, तें पुढें सांगूं. तत्पूर्वीं, सार्वजनिक वस्तूस नियम कां लागतात याचा थोडा विचार करणें बरें.

असे नियम आमच्या करवीर नगरीस मुळींच अपरिचित नाहींत. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. एकच पुस्तक अनेकांनीं आळीपाळीनें वाचण्याची विद्या हें शहर पावणेदोनशें वर्षें शिकत आलें आहे. पानाचा कोपरा दुमडूं नये, समासांत शेरे लिहूं नयेत, चित्र कापून नेऊं नये, हे वाचनालयाचे नियम कोणासहि समजावून सांगावे लागत नाहींत. कारण फाटलेलें पान डोळ्यांस दिसतें. रहस्यकथेचें शेवटचें पान नाहींसें झालेलें ज्यानें एकदां अनुभविलें आहे, त्यास मागच्या वाचकाचें नांव ठाऊक नसलें तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यास तो चुकत नाहीं. संगणकाच्या बाबतींत अडचण आहे ती हीच. तेथें पान फाटतें, पण फाडणाऱ्यास तें दिसत नाहीं. आणि ज्याचें नुकसान होतें त्यास वाटतें कीं आज यंत्रच बिघडलें आहे.

नदीचें उदाहरण याहूनहि जवळचें आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हें नांव आमच्या जिल्ह्यानें साऱ्या महाराष्ट्रास दिलें. नदीच्या पात्रांत खांब उभारावयाचे, पावसाळा ओसरला कीं त्यांच्यामधील खांचांत बरगे बसवून पाणी अडवावयाचें, आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वीं बरगे काढून नदीस वाट मोकळी करून द्यावयाची, अशी ही साधी युक्ति आहे. अडलेलें पाणी दोन्ही तीरांवरचे शेतकरी पंपांनीं उचलतात. पाणी दिसावयास पुष्कळ असतें, पण उंसाची तहान त्याहून मोठी. उन्हाळ्यांत वरच्या अंगाच्या पंपांनीं हात आखडता घेतला नाहीं, तर खालच्या गांवाच्या वांट्यास चिखल येतो. म्हणून पाटबंधारे खातें उपसाबंदीचे दिवस ठरवून देतें. उपसाबंदीविषयीं प्रेम बाळगणारा शेतकरी आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. परंतु ती मुळींच नसावी असें म्हणणारा खालच्या गांवचा शेतकरीहि आमच्या पाहण्यांत नाहीं.

महाविद्यालयांत येणारा इंटरनेटचा प्रवाह असाच मोजका असतो. एका क्षणास त्यांतून किती मजकूर वाहूं शकेल, याची मर्यादा ठरलेली असते. भर दुपारीं कोपऱ्यांतला एक विद्यार्थी तीन तासांचा चित्रपट उतरवून घेऊं लागला म्हणजे पलीकडच्या खोलींतील मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्ध्यावर अडकून पडतो. त्या विद्यार्थ्यास ती मुलगी दिसत नाहीं, आणि त्या मुलीस तो विद्यार्थी दिसत नाहीं. नदीकांठीं निदान वरच्या अंगास कोणाचा पंप चालू आहे हें कानांनीं तरी ऐकूं येतें.

घाऊक लेख उतरविण्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आपल्या देशांत इंटरनेट प्रथम आलें तें बाजारांत नव्हे, विद्येच्या आवारांत. शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या संस्थांस जोडणारें 'अर्नेट' हें जाळें १९८६ सालीं हातीं घेण्यांत आलें; सामान्य नागरिकास ही सोय पैसे देऊन मिळूं लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. विद्येच्या या वाटेवर सरकारनें पुढेंहि पुष्कळ खर्च केला आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेनें ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें सरकारी उच्चशिक्षणसंस्थांस खुलीं झालीं, आणि तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये त्याकरितां मंजूर झाले. ज्या शोधनिबंधाच्या एका प्रतीसाठीं पूर्वीं संशोधकास पुण्यामुंबईची वारी करावी लागे, तो आतां बसल्या जागीं मिळतो. पण प्रकाशकाच्या दारीं पुष्कळदां आपली ओळख पटते ती व्यक्तीच्या नांवानें नव्हे, तर संस्थेच्या आंकडी पत्त्यानें. एखाद्या उत्साही मुलानें रात्रीं यंत्र लावून वर्षावर्षाचे अंक उपसावयास आरंभ केला, कीं प्रकाशक त्या पत्त्यास कुलूप घालतो. आणि सकाळीं जी संशोधिका आपल्या प्रबंधाचें शेवटचें प्रकरण पुरें करावयास येते तिला दार बंद आढळतें. तिनें कांहीं केलेलें नसतें. तिचा व त्या मुलाचा पत्ता एक असतो, एवढाच तिचा अपराध.

या कुलुपाचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून या शहरांत निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं राहूं दिलीं व त्यांस सढळ हातानें साहाय्य केलें, तें एक गोष्ट ओळखून. नुसती शाळा उघडून भागत नाहीं; खेड्यांतून आलेल्या मुलास शहरांत टेकावयास जागा व रात्रीं वाचावयास दिवा नसेल, तर उघड्या शाळेचें दार त्याच्यापुरतें बंदच असतें. आज त्या दिव्याच्या शेजारीं संगणक येऊन बसला आहे. ज्याच्या घरीं स्वतःचा लॅपटॉप आहे त्याची महाविद्यालयाचें यंत्र बंद पडल्यानें गैरसोय होते. परंतु राधानगरीकडून एस. टी.नें येणारी आणि परतीची गाडी गांठण्यासाठीं पांच वाजतां उठणारी जी मुलगी आहे, तिचा तो दिवस जातो. असे चार दिवस गेले म्हणजे अर्जाची मुदत जाते. मोबाईल तिच्याहि हातांत असतो हें खरें. पण त्यावर शंभर पानांचा प्रकल्प लिहून पाहिल्यावांचून कोणीं तिला उपदेश करूं नये.

आतां एकोणिसाव्या कलमाकडे वळूं.

आम्ही एका महाविद्यालयांत मराठी शिकवीत होतों तेव्हांची गोष्ट. अध्यापकांच्या खोलींत सर्वांस मिळून एक संगणक होता. आमच्या वर्गांत एक मुलगी होती. पहिल्या बांकावर बसणारी, शब्दाचा अर्थ कळला नाहीं तर निर्भयपणें हात वर करणारी. एके दिवशीं तिनें आम्हांस इ-मेलनें पत्र पाठविलें. वडिलांचें आजारपण, त्यापायीं झालेलें कर्ज, घरीं चाललेली ओढाताण, हें सर्व तिनें त्यांत लिहिलें होतें. परीक्षेची फी भरण्यास मुदत मिळेल का, एवढेंच तिचें मागणें होतें. आणि शेवटीं विनंति होती, कीं हें कृपा करून कोणास सांगूं नये. समोर येऊन बोलण्याचें धैर्य होईना म्हणून तिनें लिहिलें होतें. आम्हीं पत्र वाचलें आणि उत्तर लिहावयास घेतलें. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तोंच शिपाई आला आणि म्हणाला, "सर, प्राचार्यांनी बोलावलंय. चहापण तिथंच आहे." आम्ही उठलों. पत्र पडद्यावर तसेंच उघडें राहिलें. अर्ध्या तासानें परतलों तेव्हां खोलींत कोणी नव्हतें, आणि आमच्या मनांत कसलीहि शंका आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तें पत्र वसतिगृहांत सर्वतोमुखीं झालें होतें. मधल्या अर्ध्या तासांत त्या खुर्चीवर कोण बसलें होतें, याचा शोध आम्हीं केला नाहीं. कारण त्या शोधाच्या शेवटीं जें नांव मिळावयाचें होतें त्याच्या अलीकडे एक नांव उभें होतें, आणि तें आमचें होतें. मुलगी तीन आठवडे वर्गांत आली नाहीं. आली ती शेवटच्या बांकावर बसूं लागली. तिच्या फीची तजवीज आम्हीं केली होती. ती तिनें घेतली नाहीं. मामाकडून उसने पैसे आणून तिनें फी भरली, परीक्षा दिली, चांगल्या गुणांनीं उत्तीर्णहि झाली. जातांना ती निरोप घ्यावयास आली नाहीं. तिनें आम्हांस कधींहि दोष दिला नाहीं. आम्हींच तें पत्र कोणास दाखविलें असें कदाचित् तिला वाटत असेल. तो समज दूर करावयास आमच्यापाशीं एकच उत्तर होतें: 'आम्हीं दाखविलें नाहीं, फक्त उघडें ठेविलें.' हें उत्तर घेऊन तिच्यापुढें उभें राहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं, आणि आतां ती कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं.

लांकडी खुर्चीवरून मनुष्य उठला म्हणजे ती रिकामी होते. संगणकापुढून मनुष्य उठतो, पण त्याचें नांव तेथेंच बसून राहतें. आणि ज्यांनीं विश्वासानें त्याच्यापाशीं कांहीं ठेविलें आहे तींहि माणसें त्याच्या मागें उघड्यावर राहतात. पासवर्ड आपल्या घराची किल्ली आहे असें मुलांस सांगतात तें अपुरें आहे. पुष्कळदां ती दुसऱ्यांनीं आपल्याकडे सोंपविलेल्या घरांची किल्ली असते. स्वतःचें नुकसान सोसण्याची तयारी असलेला उदार मनुष्यहि ती कोणास देऊं शकत नाहीं.

आमच्या मनांत वाईट हेतु नव्हता, हें कोणीहि मान्य करील. पण या नव्या सृष्टींत हेतूचें महत्त्व फारसें उरत नाहीं, असें दिसतें. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं एका लहानशा आज्ञावलीस जाळ्यांत सोडून दिलें. एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपण होऊन जावें, एवढेंच तिचें काम. कोणाचा मजकूर पुसण्याचें तिला शिकविलेलें नव्हतें. पण स्वतःच्या किती प्रती काढाव्या याचा त्याचा हिशेब चुकला. एकाच यंत्रावर तिच्या प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि हजारों यंत्रें गुदमरून ठप्प झालीं. न्यायालयानें १९९० सालीं त्यास तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. पुढें तोच मनुष्य एम. आय. टी. या विख्यात संस्थेंत प्राध्यापक झाला. बुद्धि उत्तम, हेतु निरुपद्रवी, आणि तरीहि हजारोंचें काम बंद! 'मला कोणाचें वाईट करावयाचें नव्हतें' या वाक्यानें आपलें समाधान होतें. पलीकडच्या खोलींतील यंत्र त्यानें चालू होत नाहीं.

हेतु वाईट असेल तेथें कायदा आहेच. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत पुढें घालण्यांत आलेल्या ६६-क या कलमान्वयें दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. थट्टेखातर मित्राच्या खात्यांतून कोणास पत्र धाडणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें. पण कायद्याचें नांव काढलें म्हणजे दुसरी बाजूहि सांगावयास हवी. कारण आमच्या हातांतील कागदावरचीं दोन कलमें आम्हांस मुळींच पटलीं नाहींत.

त्यांपैकीं एक 'आक्षेपार्ह मजकूर लिहूं नये' हें. आक्षेप कोणाचा? याच कायद्यांत ६६-अ म्हणून एक कलम होतें. त्रासदायक, गैरसोयीचें असें कांहीं पाठविणें त्यानें गुन्हा ठरत असे. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें एका तरुणीनें मुंबईंतील बंदविषयीं फेसबुकवर आपलें मत लिहिलें, दुसरीनें तें आवडल्याची खूण केली, आणि दोघींस अटक झाली. पुढें २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. कारण शब्द इतके सैल होते कीं कोणतेंहि अप्रिय मत त्यांत बसविता येई. जो सैलपणा संसदेच्या कायद्यास शोभला नाहीं तो महाविद्यालयाच्या कागदास कसा शोभावा? कोणास धमकावूं नये, कोणाच्या नांवानें लिहूं नये, कोणाचें छायाचित्र त्याच्या संमतीवांचून पसरवूं नये, असें स्पष्ट लिहिलें असतें तर आम्हीं आनंदानें मान डोलाविली असती.

दुसरें कलम असें, कीं व्यवस्थापक कोणाचेंहि खातें केव्हांहि तपासूं शकतील. यंत्रें राखणारास कांहीं प्रसंगीं आंत डोकवावें लागतें हें आम्हांस मान्य आहे. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. तेव्हां कोणीं पाहावें, कोणत्या कारणानें पाहावें, त्याची लेखी नोंद कोठें राहावी, हें त्याच कागदावर असावयास नको काय? त्या मुलीचें पत्र वाचणारा मनुष्य आमच्या उघड्या खात्यांतून शिरला. उद्यां एखादा किल्ली घेऊन शिरेल. पत्र लिहिणारीस दोन्ही सारखेंच.

म्हणून नियमाची परीक्षा करण्याची एक रीत आम्हीं आपल्यापुरती ठरविली आहे. तो वाचतांच ज्याचें त्यानें रक्षण होतें असा एखादा माणूस डोळ्यांपुढें उभा राहतो कीं नाहीं, तें पाहावें. चित्रपट उतरवूं नये म्हटल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी दिसते. घाऊक लेख उपसूं नयेत म्हटल्यावर सकाळीं येणारी संशोधिका दिसते. खातें बंद करून उठावें म्हटल्यावर आम्हांस कोण दिसतें, तें सांगितलेंच आहे. जेथें कोणीच दिसत नाहीं, तेथें प्रश्न विचारावा.

आम्हीं हें सारें नातीस सांगितलें. त्या मुलीची गोष्टहि सांगितली. घरांत ती आजवर कोणास ठाऊक नव्हती. नात बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें कागद ओढून घेतला आणि पहिल्या कलमापासून वाचूं लागली. वाचून झाल्यावर 'आक्षेपार्ह' या शब्दाशेजारीं व तपासणीच्या कलमाशेजारीं तिनें पेन्सिलीनें बारीक अक्षरांत एकेक प्रश्न लिहिला, आणि खालीं सही केली. तिच्या सहीखालीं आम्हीं आमची केली. त्या प्रश्नांस अद्याप उत्तर आलेलें नाहीं.

पण परवां सायंकाळीं ती दिवाणखान्यांतील संगणकावर कांहीं लिहीत बसली होती. आईनें स्वयंपाकघरांतून हाक मारली. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि परत फिरून तिनें आपलें खातें बंद केलें. घरांत त्या वेळीं आमच्याशिवाय दुसरें कोणी नव्हतें. आम्हांस त्याचा मुळींच राग आला नाहीं.